कंट्रोलर मीटरशी किंवा कॉम्प्युटरशी बोलत नाही? बोर्ड काढून आणायच्या आधी हे वाचा

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलहून लोक "बोर्ड गेलाय" म्हणत गाडीवर बोर्ड घेऊन उद्यमनगरात आमच्याकडं येतात, आम्ही टेबलावर जोडतो आणि तो मस्त चालतो. बऱ्याचदा बोर्डाला काही झालेलंच नसतंय, वायरिंगमध्ये गडबड असते. तर हा कागद पॅनेलच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

आधी धोक्याचं सांगतो. चार पिनांचा छोटा पोर्ट टीटीएल आहे, म्हणजे थेट चिपच्या पातळीचा, ३.३ व्होल्टचा, आमच्या प्रोग्रॅमिंग केबलपुरता. त्यात आरएस-२३२ ची (कॉम्प्युटरच्या जुन्या सिरियल पोर्टची) वायर घालू नका, तिथं अधिक-उणे १५ व्होल्टपर्यंत असू शकतंय, पिन जळते आणि मग खरंच बोर्ड आणावा लागतो.

आरएस-२३२ सोपं आहे. ह्याचा टीएक्स (पाठवायची पिन) त्याच्या आरएक्सला (घ्यायची पिन), त्याचा टीएक्स ह्याच्या आरएक्सला, ग्राउंड ग्राउंडला. नऊ पिनी कनेक्टरला २, ३ आणि ५ बघा. बाजारातली केबल कधी सरळ येते, कधी आतूनच क्रॉस, त्यामुळं मल्टिमीटरच्या बीपवर तपासल्याशिवाय लावू नका. साधारण १५ मीटरच्या आत ठेवा.

खरा घोळ आरएस-४८५ मध्ये, म्हणजे ए आणि बी ह्या दोन वायरींवर बरेच मीटर (टेंपरेचर वगैरे मोजणारे डबे) जोडायच्या लाइनीत. ही लाइन १२०० मीटरपर्यंत जाते खरी, पण पीळ असलेल्या जोडवायरवर, आणि एका मीटरवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी साखळीनं. एका जंक्शन बॉक्समधून चारी बाजूला फाटे फोडले की आज चालतंय, उद्या नाही. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर पाहिजे, मधे कुठंच नको. पॉवर बंद करून ए आणि बी मधे मल्टिमीटर धरा: ६० ओहमच्या आसपास आलं तर बरोबर, १२० आलं तर एका टोकाचा राहिलाय, ४० आलं तर कुणीतरी मधे तिसरा ठोकलाय. ए-बी ची नावं मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या मनानं उलटसुलट छापते, तर एखादाच मीटर गप्प असेल तर त्याच्या दोन वायरी अदलाबदल करून बघा, त्यानं काही जळत नाही.

एका फाउंड्रीत ब्लोअर सुरू झाला की भट्टीचं टेंपरेचर स्क्रीनवरून गायब व्हायचं. दोन मीटर बदलून झाले राव. शेवटी ट्रेचं झाकण काढलं तर ४८५ ची वायर व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलला टाय मारून बांधलेली, तीही एकदम नीटनेटकी! वेगळ्या पाइपातून ओढली, शील्ड (वायरीवरची धातूची जाळी) फक्त पॅनेलकडच्या टोकाला अर्थ केली आणि त्रास गेला.

सेटिंगमध्ये बॉडरेट (बोलायचा वेग), पॅरिटी (चूक पकडायचा बिट), स्टॉप बिट (शेवट सांगणारा बिट) सगळ्यांचं एकच पाहिजे. आमचा कंट्रोलर ९६००, ८ बिट, नो पॅरिटी, १ स्टॉप असा येतो, पण मॉडबसच्या (ह्या लाइनीवर बोलायच्या भाषेच्या) नियमात मूळची पॅरिटी इव्हन आहे, म्हणून काही मीटर तसेच येतात. पत्ता १ ते २४७ मधला, प्रत्येकाचा वेगळा, कारण नवीन मीटर बहुतेक १ वरच येतात आणि दोघं एकदम बोलायला लागले की काहीच कळत नाही. सगळं जमलंय आणि आकडा भलताच दिसतोय? रजिस्टरचा (मीटरमधल्या आकडा ठेवायच्या कप्प्याचा) नंबर एकानं मागंपुढं करून बघा, पुस्तकातलं ४०००१ वायरीवर ० म्हणून जातंय.

तरी अडलं तर फोन करा, फक्त तो ओहमचा आकडा आणि टर्मिनलचा फोटो तयार ठेवा, कारण आम्ही पहिलं तेच मागणार.