‘चोक झाली’ म्हणजे काय झालं? जुन्या राजदूत मोटारसायकलचे दोन सारखे दिसणारे आजार

आमच्या परतवाडा-अचलपूर भागात जुनी टू-स्ट्रोक गाडी लोडवर बसली की एकच शब्द ऐकू येतो : चोक झाली. कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) कचरा अडकला तरी चोक आणि सायलेन्सरमध्ये कार्बन साचला तरी चोकच. पहिल्यात इंजिनाला खायला मिळत नाही, दुसऱ्यात त्याला श्वास सोडता येत नाही. गाडीवर बसलेल्याला मात्र दोन्ही सारखेच वाटतात. रिकामी गाडी बरी पळते, पण दुधाच्या दोन कॅन अडकवून चढाला लागलं की तिसऱ्या गियरमध्ये ओढत नाही.

बाबांच्या राजदूतचं अशाच तक्रारीसाठी एका गॅरेजात बोअर-पिस्टन केलं गेलं, म्हणजे सिलिंडर घासून नवा पिस्टन बसवला. पैसे गेले, गाडी तशीच राहिली. दोष सायलेन्सरमध्ये होता. म्हणून सांगतो, इंजिन खोलायच्या आधी एवढं बघा : थोडं थांबल्यावर गाडी पुन्हा ओढते का?

ओढत असेल तर पेट्रोलकडे बघा. कार्बोरेटरखालची वाटी म्हणजे लहानसा रांजण. वरून नळाची धार बारीक झाली तरी संथ चालीत तो भरलेला राहतो. चढावर पूर्ण रेस दिली की भरण्यापेक्षा उपसा जास्त होतो आणि अर्ध्या-एक किलोमीटरात गाडी दम टाकते. रेस सोडून जरा उभं राहिलं की रांजण भरतो, गाडी पुन्हा तेवढंच अंतर ओढते. अशा वेळी चालत्या गाडीत चोकची दांडी (कार्बोरेटरची हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी) अर्धी ओढून बघा. ताकद वाढली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय हे नक्की.

मग थंड इंजिनावर, विडी-काडी दूर ठेवून, कार्बोरेटरची नळी काढा आणि कॉक, म्हणजे टाकीखालचा नळ, उघडून धार बाटलीत धरा. टाकीचं झाकण लावलेलंच असू द्या. धार हळूहळू बारीक झाली आणि झाकण उघडताच जोरात आली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं आहे. सुईने दोन मिनिटांत काम होतं. झाकण उघडूनही धार बारीकच असेल तर कॉकची जाळी बघा. पावसाळाभर गोठ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीतला गंज तिथेच येऊन बसतो. धार चांगली असेल तर वाटीत पेट्रोल सोडणारी फ्लोटची सुई आणि वाटीतून इंजिनाला पेट्रोल देणारं बारीक छिद्र, म्हणजे मेन जेट, बघा. जेट बुजलं असेल तर थांबूनही फरक पडत नाही, तिथे चोकच्या दांडीचीच खूण धरा. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या पेट्रोलच्या मापाचं जेट आधीच थोडं कमी देत असतं.

या आजारात गाडी तशीच रेटू नका. राजदूतसारख्या टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, वर उष्णता जास्त. मे महिन्याच्या उन्हात असा पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही.

सायलेन्सरचं दुखणं इतकं घाईचं नसतं. ते महिनोन्‌महिने चढत जातं, त्यामुळे रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. जळालेला धूर बाहेर पडत नाही, तो सिलिंडरमध्ये उरतो आणि ताज्या मिश्रणाला जागा राहत नाही. कितीही थांबा, फरक पडत नाही. चोक ओढला तर गाडी आणखी बसते. आवाज दबका येतो, नळीच्या टोकाला काळं तेल ओघळतं. टोकाची आतली जाळीची नळी निघत असेल तर ती काढून एक छोटी फेरी मारा. गाडी मोकळी झाली की निदान झालं. ती नळी भट्टीत जाळून साफ होते. सिलिंडरच्या तोंडाशी, धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट पोर्टमध्येही कार्बन धरतो. पिस्टन वर आणून पोर्ट झाकून घ्या आणि लाकडी पट्टीने खरवडा, स्क्रू-ड्रायव्हरने नको. कॉस्टिक सोडा लोखंडी सायलेन्सरला चालतो, ॲल्युमिनियमला खातो.

ठिणगी देणारे कंडेन्सर किंवा पॉइंट कमजोर असले तरी लोडवर त्रास होतो, पण तिथे गाडी झटके देते, फटफट फुटते.

निदानासाठी स्पार्क प्लगच्या रंगावर बहुतेकांचा भरवसा असतो, पण तो चुकीच्या वेळी बघितला जातो. चढावर बसलेली गाडी हळूहळू घरी आणून प्लग काढला तर तो काळाच दिसणार, कारण तो संथ चालीचा रंग दाखवतो. चिखलदऱ्याच्या घाटात पूर्ण रेसवर असतानाच क्लच दाबा, चावी बंद करा, कडेला थांबा आणि तिथेच प्लग काढा. पांढरट असेल तर उपासमार, काळा-तेलकट असेल तर कोंडमारा.

कधी दोन्ही एकत्र असतात. सायलेन्सर तुंबलेला असताना इंजिन पेट्रोलच कमी मागतं, त्यामुळे अर्धवट बुजलेलं जेट लपून राहतं. सायलेन्सर मोकळा झाला की मागणी वाढते आणि पहिल्याच चढावर पेट्रोल अपुरं पडतं. म्हणून कार्बन काढल्यावर कॅन भरून पहिली फेरी मारताना हात चोकच्या दांडीपाशी ठेवा.