पळायचं नाही, पास द्यायचा

२००२ च्या फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत योकोहामात झाली. जर्मनीला २-० हरवल्यावर ब्राझीलचे खेळाडू मैदानातच रिंगण करून गुडघ्यांवर बसले आणि प्रार्थनेला लागले. अमेरिकेतल्या कॉलेज सामन्यांनंतर अशी रिंगणं नेहमीचीच. आधी देव, मग संघ, शेवटी मी, ही भाषाही तिथे सर्रास ऐकू येते. त्यामुळे चर्च आणि मैदान यांचं फार पूर्वीपासून सूत असावं असं वाटतं. प्रत्यक्षात बराच काळ त्यांचं अजिबात पटत नव्हतं.

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६१८ साली फर्मान काढलं, की रविवारची उपासना आटोपली की लोकांनी खुशाल नाचावं, उड्या माराव्यात, तिरंदाजी करावी. रविवार फक्त देवाचा मानणाऱ्या कडव्या प्युरिटन मंडळींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढे सत्ता पार्लमेंटच्या हाती आली, तेव्हा १६४३ मध्ये त्या फर्मानाच्या प्रती जाहीरपणे जाळल्या गेल्या. धार्मिक घरांत खेळ म्हणजे वेळेची नासाडी, आणि वर जुगार-दारूची संगत, ही समजूत त्यानंतरही दोनशे वर्षं टिकली.

बायबलात मात्र खेळाचे दाखले आहेत. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात शर्यत येते. करिंथजवळच इस्थमियाचे सामने भरत, त्यामुळे वाचणाऱ्यांना संदर्भ फोडून सांगायची गरज नव्हती. पण तिथे धावतात सगळे आणि बक्षीस एकालाच. म्हणजे दाखला एकट्याच्या जिद्दीचा. संघाला उपयोगी पडणारी गोष्ट त्याच पत्रात तीन अध्याय पुढे आहे: शरीर एक, अवयव अनेक, आणि डोळ्याला हाताची गरज नाही असं म्हणता येत नाही. तिथे खेळाचं नावही नाही. या दोन गोष्टींची सांगड एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी शाळांनी घातली. १८५७ साली थॉमस ह्यूज यांची रग्बी शाळेवरची कादंबरी आली. तिच्यातले एक शिक्षक क्रिकेटची महती सांगतात ती अशी, की या खेळात माणूस अकरा जणांत विरघळतो आणि स्वतःसाठी न खेळता आपल्या बाजूसाठी खेळतो. याच सुमारास ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’ हा शब्द चलनात आला. सुरुवातीला तो थोडा टिंगलीचाच होता. बळकट ख्रिस्ती माणूस घडवायच्या या विचारात साम्राज्य चालवायला लागणारे तरणेबांड साहेब तयार करण्याची सोयही होती, हे विसरून चालणार नाही.

वायएमसीए, म्हणजे ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’, ही संस्था १८४४ मध्ये लंडनला निघाली ती कापडाच्या दुकानांतल्या नोकरदार पोरांच्या प्रार्थनेसाठी. व्यायामशाळा तिच्यात नंतर आल्या. न्यूयॉर्कमध्ये १८६९ साली आली तीही तरुण पोरं दारूच्या गुत्त्याऐवजी इकडे वळावीत म्हणून.

आता बास्केटबॉल ज्याने काढला तो जेम्स नाइस्मिथ. कॅनडाचा हा पोरका मुलगा मॉन्ट्रियलला धर्मशास्त्र शिकला. पाद्री व्हायचं ठरलेलं, आणि हा रग्बीच्या चिखलात लोळणारा. मित्र त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करत. एकदा सामन्यात शेजारच्या गड्याच्या तोंडून शिवी गेली. नाइस्मिथकडे लक्ष जाताच तो म्हणाला, माफ कर, तू इथे आहेस हे विसरलोच. नाइस्मिथने त्याला एका शब्दाने टोकलं नव्हतं. व्यासपीठावर न चढताही माणसावर परिणाम करता येतो, हे तिथे आपल्या ध्यानात आलं असं तो पुढे सांगत असे. त्याने पाद्रीपणाचा नाद सोडला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत गेला. शरीर, बुद्धी आणि आत्मा या तीन बाजूंचा वायएमसीएचा त्रिकोण ज्यांनी रूढ केला, ते ल्यूथर ग्युलिक तिथे वरिष्ठ होते.

१८९१ च्या हिवाळ्यात अठरा जणांचा एक वर्ग कवायतीला इतका विटला होता, की दोन शिक्षकांनी हात टेकले. ग्युलिकनी नाइस्मिथला चौदा दिवस दिले: बंद खोलीत खेळता येईल असा खेळ काढ. त्याने विचार केला तो सुताराच्या पद्धतीने. मारामारी होते कशाने? अंगावर धावून जाण्याने. अंगावर का जातात? चेंडूवाला पळतो म्हणून. मग चेंडू घेऊन पळायचंच नाही. जिथे मिळाला तिथूनच टाकायचा. गोल समोर असला की जोरात मारतील, म्हणून तो डोक्याच्या वर आडवा ठेवायचा. त्याला चौकोनी खोकी हवी होती. इमारतीची देखभाल करणाऱ्या स्टेबिन्सने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या आणि त्या बाल्कनीच्या कठड्याला, दहा फुटांवर ठोकल्या गेल्या. तेरा नियम लिहून झाले.

हे नियम आज वाचताना गंमत वाटते. दुसऱ्यांदा धक्काबुक्की केली तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. मुद्दाम इजा केली तर अख्खा सामना बाहेर, आणि बदली कोणी मिळणार नाही. एका बाजूचे सलग तीन फाउल झाले तर समोरच्यांना एक गोल बहाल. एकाने माती खाल्ली तर सगळ्यांनी भोगायचं! खेळाडू भले असतील असं या माणसाने धरलेलंच नाही. त्याने चांगुलपणा नियमात कोंबला. १९३९ मध्ये रेडिओवर बोलताना तर त्याने कबूल केलं, की पहिल्यांदा पोरं एकमेकांवर तुटून पडली, काहींचे डोळे काळेनिळे झाले, एक जण बेशुद्ध पडला, आणि पळायचं नाही हा नियम त्यातूनच आला. कागदोपत्री हा नियम पहिल्या तेरांतच आहे. खरा क्रम कोणताही असो, सगळी मदार त्याच नियमावर.

आमच्या शाळेत पीटीचे सर सात पास झाल्याशिवाय बास्केट धरायचेच नाहीत. मी उंच, त्यामुळे चेंडू हातात आला की नजर थेट वर जायची. शिट्टी. ‘खाली बघ, चार जण उभे आहेत.’ तेव्हा फार राग यायचा.

अर्थात माणूस पळवाट शोधतोच. थोड्याच वर्षांत पोरांनी स्वतःलाच पास द्यायची युक्ती काढली, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे न्यायची. तोच आजचा ड्रिबल. खेळातल्या दांडगाईला कंटाळून काही वायएमसीएंनी बास्केटबॉलवर बंदी घातली. १८९६ मध्ये ट्रेंटनच्या संघाने हॉल भाड्याने घेतला, तिकीट लावलं आणि पैसे वाटून घेतले. ‘एक शरीर’ हे तत्त्वही वर्णभेदापाशी येऊन अडलं. नाइस्मिथ पुढे अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात होता. तिथे जॉन मॅक्लेंडन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला त्याने शिकवलं, पण विद्यापीठाच्या संघात त्याला जागा नव्हती. खुद्द नाइस्मिथची तिथली प्रशिक्षक म्हणून कामगिरी म्हणाल तर ५५ विजय आणि ६० पराभव.

खेळ भारतात पसरला त्यात वायएमसीएचा हात मोठा. स्प्रिंगफील्डला शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं. तिथून निघालेले पीटीचे शिक्षक गावोगावच्या शाळांत गेले.

मुंबईची गोष्ट याहून वेगळी. अमेरिकन मराठी मिशन म्हणजे १८१३ पासून मुंबईत, पुढे अहमदनगर भागात काम करणारी जुनी संस्था. तिच्या वतीने क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाउस उभं केलं. टाटांची समाजकार्याची शाळा, आजची ‘टिस’, १९३६ मध्ये याच वास्तूत सुरू झाली. दाटीवाटीच्या, मुख्यतः मुसलमान वस्तीच्या नागपाड्यात बास्केटबॉल असा मुरला, की भारताचं कर्णधारपद भूषवलेला आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवलेला अब्बास मुंतसिर इथलाच. तिथल्या मस्तान वायएमसीएच्या पाटीवरचा ‘सी’ ख्रिश्चनचा, आणि कोर्टवरची बहुतेक पोरं शुक्रवारी मशिदीत जाणारी. कोणी चेंडू धरून जरा जास्त वेळ थबकला, की कठड्यावरून ओरडा येतो: ‘अबे, पास दे ना!’