एकीला कडक डोहाळे, दुसरीला काहीच का नाही?

एकाच घरातल्या दोन जावा. थोरलीला दोन्ही खेपेला सगळं पचलं. हिवाळ्यात सराफ्यात जाऊन रात्री अकराला तळलेला, मसालेदार गराडूसुद्धा (एक कंद) खाऊन आली. धाकटीला सहाव्या आठवड्यापासून पाण्याचा घोट टिकत नाही, आणि सकाळी गल्लीच्या तोंडाशी पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरला जातो त्याच्या वासाने तिसऱ्या मजल्यावर तिला उमासे येतात. इंदूरच्या मराठी घरांना ही गोष्ट नवी नाही. नवं आहे ते तिचं कारण. ते कळल्यावर घरोघरी ऐकू येणारं एक वाक्य थांबावं असं मला मनापासून वाटतं: "आम्हाला नव्हतं हो असं काही, एवढं मनावर घेऊ नये."

दिवस राहिल्यावर दहांपैकी सात-आठ जणींना मळमळ किंवा उलट्यांचा त्रास होतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर तो बहुधा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होतो, नवव्या आठवड्याच्या सुमारास त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकींना बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात उतार पडतो. काहींची मात्र तो पाचवा महिना उलटला तरी पाठ सोडत नाही. रिकाम्या पोटामुळे सकाळी जास्त जाणवतो खरा, पण पुष्कळ जणींना तो दिवसभर छळतो. मळमळ होणाऱ्या बायकांमध्ये गर्भपाताचं प्रमाण कमी आढळतं, हे खरं आहे. याचा अर्थ ज्यांना मळमळत नाही त्यांच्या बाळाला काही झालंय असा मुळीच होत नाही. सुखाने जेवणाऱ्या थोरल्या जावेची बाळंही सुखरूप जन्मली.

फार वर्षं बोट एचसीजी या संप्रेरकाकडे दाखवलं जायचं, कारण त्याची रक्तातली पातळी साधारण मळमळीच्याच आठवड्यांत शिखरावर असते. पण दोघींची पातळी सारखी असूनही एक अंथरुणाला खिळते आणि दुसरी ऑफिसला जाते, याचा उलगडा त्यातून होईना. उलगडा होत नाही तिथे लोक मनाला दोष देतात. विसाव्या शतकात कितीतरी डॉक्टर असं मानत होते की बाईला आतून ते मूल नकोसं आहे म्हणून ती ओकते. त्या बायकांना काय वाटलं असेल, याचा विचार केला तरी वाईट वाटतं.

मार्लेना फेझो या अमेरिकन संशोधक बाईंना १९९९ साली गर्भारपणात इतक्या भयंकर उलट्या झाल्या की त्यांचं ते बाळ राहिलं नाही. त्यांचा त्रासही खरा मानला गेला नव्हता. त्या आनुवंशिकीतल्या तज्ज्ञ. त्यांनी पुढची वर्षं याच प्रश्नाला दिली. २०१८ साली हजारो बायकांच्या जनुकांच्या तुलनेतून जीडीएफ-१५ नावाच्या प्रथिनाचं जनुक पुढे आलं. मग केंब्रिजचे स्टीफन ओराहिली आणि इतर संशोधकांसोबत केलेलं काम डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं, आणि दोन जावांच्या कोड्याचं उत्तर बरंचसं हाती आलं.

जीडीएफ-१५ आपल्या सगळ्यांच्या शरीरात थोडंफार असतं. पेशींवर ताण आला, आजारपण आलं की ते वाढतं. मेंदूच्या मागच्या, तळाच्या भागात त्याला ओळखणाऱ्या पेशी असतात. त्याच भागात उलटीचं नियंत्रण चालतं. दिवस राहिल्यावर वार (आईकडून बाळाला पोषण पोचवणारा अवयव) हे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करू लागते आणि ते आईच्या रक्तात उतरतं. म्हणजे मळमळीचा हा निरोप पोटातल्या बाळाच्या बाजूने येतो. पण तो किती जोरात ऐकू येणार, हे ठरतं आईच्या शरीराला त्याची आधीपासून किती सवय होती यावर. ज्यांच्या रक्तात एरवीही जीडीएफ-१५ जरा जास्त असतं, त्यांचा मेंदू त्याला सरावलेला असतो. ज्यांच्यात ते मुळातच फार कमी, त्यांना अचानक आलेली ही लाट सोसत नाही. लहानपणापासून लवंगेची शेव खाणाऱ्या इंदुरी माणसाला ती सहज चालते आणि पुण्याच्या पाहुण्याच्या डोळ्यांतून पहिल्याच घासाला पाणी येतं, तसंच काहीसं. शेव तीच असते.

या म्हणण्याला दोन बाजूंनी बळ मिळालं. जीडीएफ-१५ कमी बनवणारा एक दुर्मिळ जनुकीय बदल ज्या बायकांत असतो, त्यांना अतिवांतीचा, म्हणजे गर्भारपणातल्या अनावर उलट्यांचा, धोका किमान दहापट असतो. उलट बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्ण बायकांत हे प्रथिन कायमच चढलेलं असतं, आणि त्यांना गर्भारपणात मळमळ फारच कमी होते. थॅलेसेमिया इंदूरला अनोळखी नाही. आपल्या सिंधी शेजाऱ्यांमध्ये त्याचे वाहक बऱ्यापैकी आढळतात. त्या आजाराच्या नोंदींमधून एका अगदी वेगळ्या प्रश्नावर उजेड पडावा, हे मला फार विलक्षण वाटतं. अतिवांती घराण्यात चालते, आई किंवा बहिणीला झाली असेल तर आपल्यालाही होण्याची शक्यता वाढते, या जुन्या निरीक्षणाशीही हे जुळतं. सासूबाईंचा अनुभव मात्र सुनेला लागू पडण्याचं काहीच कारण नाही. दोघींचं रक्त वेगळं.

आता घरात काय करता येतं ते. पोट पूर्ण रिकामं राहू द्यायचं नाही आणि तुडुंब भरायचंही नाही, बाकी सगळं यातून निघतं. उशाशी डब्यात परमल (कुरमुरे), खारी, भाजलेले फुटाणे ठेवावेत आणि पाय जमिनीवर टेकवण्याआधी दोन-चार घास खाऊन थोडा वेळ तसंच पडून राहावं. मग दर दीड-दोन तासांनी थोडं थोडं. नुसत्या पिठूळ पदार्थांपेक्षा प्रथिनं असलेलं खाणं मळमळ जास्त शमवतं, म्हणून फुटाणे, दही, मुगाची पातळ खिचडी चांगली. गरम अन्नाचा वास जास्त येतो, तेव्हा गार दहीभात किंवा निवलेला मऊ भात, मेतकूट आणि लिंबू हे आजीचं जेवण इथे अगदी योग्य आहे. पाणी जेवताना न पिता मधल्या वेळात, घोट घोट घ्यावं. दिवसभरात एक ग्रॅमपर्यंत सुंठ किंवा त्या बेताने आलं घेतल्यास मळमळ थोडी कमी होते, असं अनेक चाचण्यांत दिसलंय. उलट्यांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आणि फोडणी दुसऱ्या कोणीतरी द्यावी. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण हिंगाच्या फोडणीने जिला भडभडून येतं तिनेच ओट्यापाशी उभं राहायचं, असं आजही अनेक घरांत चालतं. नवऱ्याला कणीक मळता येत नसेल तर या तीन महिन्यांत शिकता येईल.

लोहाच्या गोळीने मळमळ वाढते. आपल्या सरकारी कार्यक्रमातही ती पहिले तीन महिने उलटल्यावरच सुरू करतात. तेव्हा सुरुवातीलाच कोणी ती दिली असेल आणि सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून पुढे ढकलावी. फॉलिक अ‍ॅसिड मात्र बंद करू नये. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची घडण याच आठवड्यांत होत असते.

एवढ्याने भागलं नाही तर औषध आहे, आणि ते घ्यायला घाबरू नये. भीतीला इतिहास आहे. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं, गर्भार बायकांना मळमळीसाठीही दिलं गेलं, आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेतलं जाईपर्यंत जगभरात सुमारे दहा हजार बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. त्या धक्क्यानंतर प्रत्येक गोळीकडे संशयाने पाहिलं गेलं. डॉक्सिलामाइन आणि ब-६ जीवनसत्त्वाची जोडगोळी अमेरिकेत १९५६ पासून मिळत होती. कोर्टकज्ज्यांना कंटाळून १९८३ मध्ये कंपनीने ती बंद केली. त्यानंतर जन्मजात व्यंगांचं प्रमाण काही घटलं नाही, पण उलट्यांसाठी दवाखान्यात भरती होणाऱ्या बायका वाढल्या. भरपूर तपासणीनंतर २०१३ मध्ये तिला तिथे पुन्हा मान्यता मिळाली. आपल्याकडे ती सहज मिळते आणि डॉक्टर बहुधा रात्री झोपताना घ्यायला सांगतात, कारण तिने गुंगी येते. इतरही औषधं आहेत. कोणतं कधी, ते डॉक्टर ठरवतील. मेडिकलवाल्याला विचारून काहीतरी उचलून आणणं तेवढं टाळावं.

दिवसभर पाणीही टिकलं नाही, आठ तास लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी झाली, उभं राहताच चक्कर आली, वजन उतरू लागलं, उलटीत रक्त दिसलं, ताप किंवा पोटदुखी सोबत असली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना तर शरीर फार लवकर कोरडं पडतं. दवाखान्यात सोनोग्राफीही होते, कारण जुळी बाळं किंवा द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी वारेचीच द्राक्षांच्या घोसासारखी विकृत वाढ) असेल तर उलट्या जास्त होतात. पहिली उलटीच दहाव्या आठवड्यानंतर झाली असेल तर कारण दुसरंच असू शकतं, हेही डॉक्टरांच्या कानावर घालावं.

एक गोष्ट प्रत्येक घराला माहीत हवी. आपल्याकडे अशक्तपणा दिसला की लगेच "ग्लुकोजची बाटली चढवून घेऊ" म्हणतात. आठवडेच्या आठवडे उलट्या होत असलेल्या बाईच्या शरीरातलं ब-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. अशात ते न देता आधी ग्लुकोज दिलं तर मेंदूला गंभीर, कधी कायमची इजा होऊ शकते. म्हणून ब-१ आधी. सोबत गेलेल्या माणसाने "किती आठवड्यांपासून काही टिकत नाहीये" हे नीट सांगावं आणि ब-१ दिलं का, हे विचारावं. विचारण्यात संकोच कसला?

ज्यांना एका खेपेला हा त्रास जबर झाला, त्यांना पुढच्या खेपेलाही होण्याची शक्यता बरीच असते. त्यांनी दिवस राहण्याच्या महिनाभर आधीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने जीवनसत्त्वांची गोळी सुरू करावी आणि पाळी चुकल्याचं लक्षात येताच, मळमळ सुरू होण्याची वाट न पाहता, डॉक्टरांना गाठावं. औषध त्याच वेळी सुरू झालं तर उलट्यांचा जोर कमी राहतो.