उपेक्षा आणि उपेक्खा

'वृद्धांची उपेक्षा' म्हटलं की मराठी माणसाला दुर्लक्ष आठवतं. पाली भाषेतली 'उपेक्खा' हा मुळात तोच शब्द, पण बौद्ध परंपरेत तिचं स्थान मैत्री, करुणा आणि मुदिता (दुसऱ्याच्या सुखाचा आनंद) यांच्या पंगतीत चौथं. अर्थ मनाचा समतोल. धातू 'ईक्ष्', म्हणजे पाहणं. मराठीत मात्र उरलं ते न पाहणं! विपश्यनेच्या शिबिरात 'समता' म्हणतात, ते बरं.

पण घोळ शब्दापुरता नाही. देव, पुनर्जन्म, कर्मकांड बाजूला ठेवून रोजच्या जगण्यापुरता बुद्ध घेणाऱ्यांची, माझ्यासारख्यांची, दुर्लक्षालाच समतोल समजण्याची गल्लत इथेच होते.

पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात या चारही वृत्तींचे दोन-दोन शत्रू सांगितले आहेत, एक लांबचा आणि एक जवळचा. उपेक्खेचे लांबचे शत्रू आसक्ती आणि द्वेष. ते लगेच ओळखू येतात. जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. जवळचा अशासाठी, की वरून दोन्ही सारख्याच दिसतात. गुणदोष दोघीही मोजत बसत नाहीत. या ग्रंथाच्या हार्वर्ड आवृत्तीचं हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केलेलं संपादन आपल्या गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी तपासून पुरं केलं. ती छापली गेली १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

त्याच ग्रंथात आणखी एक अट आहे: आधीच्या तिन्ही भावना चांगल्या मुरल्याशिवाय उपेक्खेच्या वाटेला जायचं नाही. ज्याला काही वाटलंच नाही, त्याने तोल सांभाळायचा कशाचा?

आमचं फोंड्याकडे छोटं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे. मागच्या पावसाळ्यात फळं कुजवणाऱ्या कोळेरोगाने हिरव्या सुपाऱ्यांचा खच पडला. मी रोज सकाळी वीस मिनिटं श्वासावर बसणारा माणूस, शांतपणे म्हणालो, "सगळं अनित्य." बायकोने विचारलं, "मोरचूद आणलं होतं ना? मारलं का नाही?" या बुरशीनाशकाची पिशवी पंपाच्या खोलीत होती, न फोडलेली, दमट हवेने निळे खडे एकमेकांना चिकटलेले. माझी ती शांती जवळच्या शत्रूकडून उसनी आणलेली होती. (याचं खापर गोव्याच्या 'सुशेगाद' वृत्तीवर फोडू नका. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत, आळशी नव्हे.)

फरक ओळखायचा तर नुकसान झाल्यावरचा चेहरा पाहून काही कळत नाही. त्याआधी हात काय करत होते ते पाहावं. दुर्लक्ष करणाऱ्याला मन खवळण्याची वेळच येत नाही, कारण त्याने त्यात काही घातलेलं नसतं. उपेक्खा राखणारा सगळं घालतो, आणि फळ आपल्या एकट्याच्या हातात नाही हेही जाणतो. पाऊस, बुरशी, बाजारभाव यांचाही त्यात वाटा असतो.

यंदा पावसाच्या तोंडावर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी असं मिश्रण प्लास्टिकच्या पिंपात केलं. कोयता बुडवून पाहिला. पात्यावर तांबूस डाग आला, म्हणजे चुना कमी. वाढवला. पाडेली (माडा-पोफळींवर चढणारा) वर चढला, घोसाघोसावर फवारून आला. जुलैत तरीही काही झाडांखाली सुपारी पडलीच. कुजलेली वेचून बागेबाहेर नेली.

"वाईट वाटलं?" बायकोने विचारलं.

"वाटलं," म्हणालो, आणि दुसऱ्या फवारणीचं मोरचूद आणायला फोंड्याला निघालो.