धनुष्याच्या काचपट्टीची पार्श्वभूमी: बडोद्यातील कारागिरांपुढील प्रश्न

धनुष्य वाकते तेव्हा लक्ष्याकडील पाठ ताणली जाते आणि तिरंदाजाकडील पोट दाबले जाते. आशियातील जुन्या संमिश्र धनुष्यांत म्हणूनच पाठीला जनावरांचे स्नायुतंतू, पोटाला शिंग आणि मधे लाकूड अशी रचना असे. बडोद्याच्या पूर्वेकडील छोटा उदेपूरच्या आदिवासी पट्ट्यात मात्र बांबूचा कामठा आणि बांबूच्याच चिपेची दोरी ही वेगळी परंपरा आहे.

काचतंतूंचे व्यापारी उत्पादन अमेरिकेत १९३०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या तंतूंना रेझिनची, म्हणजे घट्ट होऊन तंतू एकत्र धरून ठेवणाऱ्या द्रवाची, जोड मिळाली आणि १९५०च्या दशकात सर्व तंतू लांबीच्या दिशेने बसवलेली पट्टी धनुष्याच्या पाठीला व पोटाला लावण्याची पद्धत रूढ झाली. अशी तयार पट्टी साधारण १ मिलिमीटर जाडीची असते. ती परदेशातून मागवायची तर लांब, सपाट पार्सलाचा वाहतूकखर्च आणि सीमाशुल्क मिळून किंमत फार वाढते.

घरी पट्टी घडवण्याचा विचार बडोद्यात होणे स्वाभाविक आहे. १९६०च्या दशकापासून शहराभोवती खत, तेलशुद्धीकरण आणि पेट्रोरसायने यांचे कारखाने उभे राहिले आणि अशा उद्योगांना लागणाऱ्या आम्लरोधक टाक्या, नळ व डक्ट यांसाठी फायबरचे कामही वाढले. परंतु त्या कामात मुख्यतः पॉलिएस्टर रेझिन आणि तुकड्यांच्या तंतूंची मॅट वापरतात. टाकीला सर्व दिशांनी ताकद हवी असते. धनुष्याला ती जवळजवळ सगळी एकाच दिशेने हवी असते. बाजारात मिळणाऱ्या पल्ट्रूजनच्या, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेले तंतू साच्यातून ओढून केलेल्या, सपाट पट्ट्याही याच कारणाने जपून घ्याव्या लागतात, कारण आडव्या मजबुतीसाठी त्यांच्या पृष्ठभागावर बहुधा मॅटचा थर असतो, आणि धनुष्यात सर्वाधिक ताण नेमका त्याच बाहेरच्या थरावर येतो.

खरा मतभेद आहे तो पट्टी कधी घट्ट करायची याविषयी. एक मत असे की, रेझिनमध्ये भिजवलेले रोव्हिंग, म्हणजे सलग काचतंतूंचे जाड धागे, थेट लाकडी गाभ्यावर अंथरून सर्व एकाच वेळी दाबावे. त्यामुळे चिकटवण्याचा एक सांधा वाचतो. दुसरे मत असे की, मेण लावलेल्या दोन सपाट काचांमध्ये पट्टी आधी स्वतंत्र तयार करावी आणि मग ती गाभ्याला चिकटवावी. पहिल्या रीतीतील सोय मान्य केली तरी दुसरी रीतच ग्राह्य धरावी लागते. लाकूड रेझिन शोषून घेते, दाबाने ते कडेला वाहते, आणि अंतिम जाडी मोजण्याची संधीच राहत नाही. धनुष्याच्या भुजेचा, म्हणजे वाकणाऱ्या भागाचा, ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. १० मिलिमीटर जाडीत ०.१ मिलिमीटरची वाढ झाली तरी तो सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो, आणि काच लागल्यावर पृष्ठभाग तासून तो फरक काढला तर तंतूच कापले जातात. स्वतंत्र पट्टी मायक्रोमीटरने ठिकठिकाणी मोजता येते, सदोष निघाली तर बाजूला टाकता येते. मेणाचा अंश राहिल्यास सांधा सुटतो हा आक्षेप खरा आहे, पण चिकटवण्याच्या बाजूला पील-प्लाय, म्हणजे रेझिन घट्ट झाल्यावर सोलून काढायचे कापड, लावून तो टाळता येतो.

तंतूंचे प्रमाणही आधी ठरवता येते. ४० मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर जाड पट्टीत आकारमानाने निम्मी काच हवी असेल, तर २४०० टेक्सचे, म्हणजे किलोमीटरला २४०० ग्रॅम भरणारे, सुमारे २१ धागे सारख्या ताणाने शेजारी शेजारी बसवावे लागतात.

रेझिन इपॉक्सीच असावे, कारण पॉलिएस्टर घट्ट होताना अधिक आकसते आणि लाकडाला तितके धरत नाही. मे महिन्यातील उष्णतेत मिसळलेले इपॉक्सी लवकर घट्ट होते, म्हणून काम पहाटे करणे बरे. नुसत्या खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली पट्टी उन्हात उभ्या मोटारीत मऊ पडू शकते. रेझिननिर्मात्याच्या सूचनेनुसार ती साधारण ७० ते ८० अंशांवर काही तास तापवून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.