पीपीएलसाठी (खासगी वैमानिक परवान्यासाठी) फ्लाइंग स्कूल निवडताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

विमानतळ प्राधिकरणानं 2021 मध्ये देशातल्या पाच विमानतळांवर फ्लाइंग स्कूलना जागा दिली. त्यात आपलं सांबरे, म्हणजे बेळगावचा विमानतळ, होतं. जळगाव आणि कलबुर्गीही होतं. तेव्हापासून सांबऱ्याच्या आसपासच्या गावांत छोटी शिकाऊ विमानं रोज डोक्यावरून जातात आणि "आमच्या पोराला विमान शिकायचंय, कुठल्या स्कूलला घालू?" हा प्रश्न माझ्याकडे दर महिन्याला येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: स्कूल नंतर बघू, आधी फाईल आणा. गेल्या काही वर्षांत मी जी मुलं अडकलेली पाहिली, त्यातली बहुतेक विमानात बसण्याआधीच, कागदांत अडकली. काहींचे तर तोवर पैसेही भरून झाले होते.

पात्रता सोपी आहे. शिकाऊ परवान्याला, म्हणजे एसपीएलला, 16 वर्षं पूर्ण आणि दहावी पास. खासगी वैमानिक परवान्याला, म्हणजे पीपीएलला, 17 वर्षं पूर्ण आणि दहावी पास. बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं ते व्यावसायिक परवान्याला, सीपीएलला. आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांना "तुझं होणार नाही" असं सांगून परत पाठवणारे लोक भेटतात, ते पीपीएलच्या बाबतीत चुकीचं आहे. मात्र पीपीएलवर पगार किंवा भाडं घेऊन विमान उडवता येत नाही, हे घरच्यांना आधीच नीट सांगा. नोकरीच्या आशेनं शेताचा उतारा बँकेत ठेवणाऱ्या वडिलांना हा फरक कुणीच समजावलेला नसतो, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

हा परवाना डीजीसीए, म्हणजे केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, देतं. त्यामुळे रहिवासी दाखला, सीमाभागातल्या 865 गावांचा दाखला, जातीचा दाखला, यातलं काही इथे लागत नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या प्रवेशासाठी जमवलेली ती फाईल घरीच ठेवा.

नाव: इथेच सगळं अडतं

आपल्या भागात एकाच मुलाची तीन नावं असतात. समजा, दहावीच्या कर्नाटक बोर्डाच्या मार्क्सकार्डावर 'संदेश पी पाटील' आहे. आधारवर 'संदेश परशराम पाटील'. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात 'संदेश परशराम' आणि आडनावाच्या रकान्यात 'पाटील'. आपल्याला हा एकच मुलगा दिसतो. ऑनलाइन अर्ज तपासणाऱ्याला तीन माणसं दिसतात आणि अर्ज शेरा मारून परत येतो. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग हा त्यातलाच दुसरा घोळ: एका कागदावर परशराम, दुसऱ्यावर परशुराम.

उपाय एकच: दहावीचं मार्क्सकार्ड पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. आधार दुरुस्ती सगळ्यात सोपी, ती आधी करा. पासपोर्ट काढलेला नसेल तर तो नाव जुळल्यावरच काढा. मार्क्सकार्डातच चूक असेल, तर शाळेमार्फत बोर्डाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. त्याला महिने जातात, म्हणून तो आजच टाका. मधल्या काळासाठी 'ही सगळी नावं माझीच' असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र करून ठेवावं, पण त्याच्या भरवशावर राहू नये. कुठे ते चालतं, कुठे चालत नाही.

गावाच्या नावाचंही तसंच. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदांवर बेळगावचं 'बेळगावी' झालं. जुन्या कागदांवर इंग्रजी स्पेलिंग वेगळं, नव्यांवर वेगळं. आपण घरात बेळगावच म्हणतो आणि म्हणत राहू, पण फॉर्म भरताना आजच्या आधारवर जे अक्षर न अक्षर आहे तेच लिहा.

जन्मदाखल्याची वेगळीच अडचण. बाळंतपण माहेरी झालेलं, चंदगडला नाहीतर गडहिंग्लजला. म्हणजे दाखला महाराष्ट्रातला, शाळा कर्नाटकातली. पुष्कळदा त्या दाखल्यावर बाळाचं नावच घातलेलं नसतं, आणि नाव घालायची मुदत जन्मापासून 15 वर्षं असते. मुलगा सोळाव्या वर्षी माझ्यासमोर बसतो तेव्हा ती उलटून गेलेली असते. घाबरू नका. जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचं प्रमाणपत्र पुढे करा. कन्नडमधल्या कागदाचं इंग्रजी भाषांतर मात्र नोटरीकडून करून घ्या.

मेडिकल: पैसे भरण्याआधी, नंतर नाही

पीपीएलला क्लास 2 मेडिकल लागतं. ते कुठल्याही डॉक्टरकडे होत नाही. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडेच करावं लागतं, आणि त्याची नोंद ईजीसीए या डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर होते. पोर्टलवर खातं उघडताना स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःचा ईमेल द्या. सायबरवाल्याचा नंबर दिलेल्या मुलांचे ओटीपी वर्षभरानं कुणाच्या फोनवर जातात हे त्यांनाही कळत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. डॉक्टरांनी तपासून 'फिट' लिहिलं की मुलं समजतात, झालं मेडिकल. तसं नाही. डॉक्टरांचा अहवाल डीजीसीएकडे जातो आणि तिथून मेडिकल असेसमेंट निघतं. ते हातात येईपर्यंत तुम्ही फिट नाही. एका मुलानं तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी फीचा मोठा हप्ता भरला. पुढे डीजीसीएनं आणखी तपासण्या मागवल्या, आणि पैसे अडकले ते अडकलेच. ठिपक्यांतून आकडे ओळखायची रंगदृष्टीची चाचणी गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे आधीच करून घ्या. तिथे अडचण निघाली तर पुढचा सगळा खर्च वाचतो. चष्मा असला म्हणून कुणी नापास होत नाही. पुढे सीपीएल करायचंच असेल, तर क्लास 2 नंतर क्लास 1 मेडिकलही मोठी फी भरण्याआधी करून घ्या.

डीजीसीएच्या परीक्षेला कॉम्प्युटर नंबर, म्हणजे उमेदवाराचा नोंदणी क्रमांक, लागतो आणि त्यासाठी मार्क्सकार्ड खरं असल्याचं बोर्डाचं पडताळणीपत्र. दहावी कर्नाटकातून केली असेल तर ते बंगळूरहून आणायचं, चंदगड भागात केली असेल तर कोल्हापूर बोर्डाकडून. दहावी एकीकडे आणि बारावी दुसरीकडे असेल तर फेऱ्या दुप्पट. स्कूलवाले हे "होऊन जाईल" म्हणतात. ते तुम्हालाच करावं लागतं.

आता स्कूल

पहिलं काम: डीजीसीएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त एफटीओंची, म्हणजे उड्डाण शिकवणाऱ्या संस्थांची, यादी असते. त्यात स्कूलचं नाव, कुठल्या विमानतळावर मान्यता आणि ती कधीपर्यंत, हे तिन्ही पहा. शहरात पाटी लावून बसलेल्या अनेक 'एव्हिएशन अकॅडमी' फक्त पुस्तकी वर्ग घेतात. त्यांच्याकडे विमान नसतं आणि उड्डाणाची मान्यताही नसते. ऑक्टोबर 2025 पासून डीजीसीए एफटीओंना श्रेणीही देतं, वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही स्कूल बसलं नाही. हे वाचलेलं असलं की माहितीपत्रकातल्या 'नंबर वन'ची किंमत कळते.

दुसरं काम फोनवर होत नाही, तिथे जावं लागतं. सकाळी जाऊन बसा. किती विमानं आहेत असं विचारू नका, आज किती उडतात ते विचारा. हँगरमध्ये सुट्या भागांवाचून उभं असलेलं विमानही त्यांच्या मोजणीत धरलेलं असतं. एका उडत्या विमानामागे किती विद्यार्थी? मुख्य इन्स्ट्रक्टर पूर्णवेळ इथेच असतात का? गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याला सरासरी किती तास मिळाले? कॅन्टीनमध्ये जुन्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारा आणि दोन्ही उत्तरं जुळतात का पहा. "मला फक्त पीपीएल करायचंय, माझा नंबर सीपीएलवाल्यांच्या मागे लागणार का?" हे तोंडावर विचारा.

पीपीएलला किमान 40 तास उड्डाण लागतं. त्यात किमान 20 तास सोलो, म्हणजे एकट्यानं, आणि किमान 150 नॉटिकल मैलांची एक क्रॉस कंट्री, म्हणजे लांबचं उड्डाण, ज्यात दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं असतं. सांबऱ्याहून हुबळी, तिथून कोल्हापूर आणि परत, एवढ्यात ते अंतर भरतं. पण 40 हा किमान आकडा आहे. बहुतेकांना जास्त तास लागतात, म्हणून त्यापुढच्या प्रत्येक तासाचा दर आधीच लिहून घ्या. सांबऱ्यावर प्रवासी विमानं येतात, हवाई दलाचं केंद्रही तिथेच आहे. इंजिन चालू ठेवून थांबावं लागलं तर त्या मिनिटांचं बिल कसं लावतात, हेही विचारा.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग किती खाली येतात हे खानापूरच्या माणसाला सांगायला नको. त्या दिवसांत शिकाऊ उड्डाण आठवडा-आठवडा बंद राहतं. मे महिन्यात प्रवेश घेऊन हॉस्टेलचं भाडं भरत बसलेली मुलं मी पाहिलीत. पावसाळ्यात मेडिकल, पडताळणी आणि अभ्यास उरका, ऑक्टोबरला उड्डाण सुरू करा. रेडिओवर इंग्रजीत बोलण्याचा सराव याच काळात करा. मराठी माध्यमाच्या मुलांना तीन-चार महिने पुरतात, फक्त रोज मोठ्यानं बोलावं लागतं.

फी एकरकमी भरू नका. टप्प्यांनी भरा, झालेल्या तासांप्रमाणे, आणि मध्येच सोडल्यास किती परत मिळणार ते सहीशिक्क्यासह घ्या. "सर बोललेत" याला अर्थ नाही. लॉगबुक, म्हणजे उड्डाणाच्या तासांची नोंदवही, स्वतःकडे ठेवा आणि दर आठवड्याला इन्स्ट्रक्टरची सही घ्या. स्कूल बदलायची वेळ आली तर प्रमाणित लॉगबुक आणि प्रशिक्षणाची नोंद याच दोन गोष्टींवर तुमचे तास पुढच्या ठिकाणी धरले जातात, आणि आपण सोडलेल्या स्कूलमध्ये सही मागायला परत जाणं किती अवघड असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.