आठवड्याच्या स्वयंपाकामागची लोकल आणि फ्रिज

रविवारी दुपारी भाज्या निवडून डब्यांत भरायच्या, कांदा-खोबऱ्याचं वाटण गोठवायचं, मटकी मोड आणायला बांधून ठेवायची. ठाणे-नवी मुंबईतल्या नोकरदार घरांत हे आता रुळलंय. मोबाइलवर त्याला ‘मील प्रेप’ म्हणतात आणि जणू कालपरवाच परदेशातून आलंय असं दाखवतात. ते काही पटत नाही.

आगाऊ करून ठेवणं आपल्याकडे जुनंच, फक्त मुदत वर्षाची. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड. डब्यांत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. शिजवलेलं मात्र त्याच दिवशी संपवायचं, शिळ्याला नाकं मुरडायची. श्रावणातली शीतला सप्तमी हा अपवाद: त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं खायचं. फोडणीचा भात, पोळीचा कुस्करा घरोघरी व्हायचाच, पण ती उरल्यासुरल्याची सोय.

हे गणित मोडलं अंतराने. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ पासून धावतेय. घरातल्या बायका तिच्यातून रोज नोकरीला जायला लागल्या त्या फार नंतर. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत, लेडीज डब्यात, मग स्वयंपाकाची पहिली पायरी सुरू झाली. मांडीवर पिशवी, तिच्यावर वर्तमानपत्र, त्यात गवार मोडायची नाहीतर मटार सोलायचे. मेथी असेल तर शेजारणीच्या हातातही दोन काड्या जायच्या. ठाणं येईपर्यंत पानं पिशवीत आणि देठं कागदात गुंडाळलेले. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांनी ही गरज अचूक हेरली: सोललेला लसूण, चिरलेला फणस, निवडलेली पालेभाजी. पैसे जास्त पडतात, पण तो अर्धा तास विकतच घ्यावा लागतो.

नवी मुंबईचं जरा वेगळं. हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ची, पण वाशीला लोकल पोचली १९९२ मध्ये. त्याआधी खाडीपुलावरून बसने ये-जा. नव्या वसाहतीत अनेक घरं चौकोनी, पोरांना जेवायला वाढायला आजी जवळ नाही. भाजीचा घाऊक बाजार मात्र वाशीतच आला. ज्यांच्या घरी मोठा फ्रिज होता त्यांना आठवड्याची भाजी एकदम आणणं सोपं झालं.

फ्रिजवर भिस्त ठेवायलाही वेळ लागला. प्रेशर कुकर आणि देशी बनावटीचे फ्रिज १९५० च्या दशकाअखेरीस आले, मध्यमवर्गाच्या घरात मात्र फ्रिज सावकाश शिरला. आणि २००५ च्या पुढेमागे भारनियमनाने इथल्या वसाहतींना चांगलंच रडवलं. वीज तासन्‌तास नसेल तर चार दिवसांची आमटी कोण करून ठेवणार? त्यामुळे चिरणं, वाटणं आधी आणि शिजवणं रोज अशी वाटणी झाली. ती अजून बऱ्याच घरांत टिकून आहे, आणि माझ्या मते शहाणपणाचीच आहे. भात शिजवून तासन्‌तास बाहेर ठेवला तर पुन्हा गरम करूनही बाधू शकतो.

अडतं ते पोळीपाशी. फ्रिजमधली पोळी तव्यावर गरम केली तरी मुलं नाक मुरडतात. म्हणून भाजी घरची आणि पोळ्या पोळीभाजी केंद्रातल्या. हा धंदा चालवणाऱ्या बायकांची परंपराही जुनी: गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. गिरण्या गेल्या. आता संध्याकाळी पोळ्यांसाठी थांबतात ते नौपाड्यातले आणि वाशीतले नोकरदार आईबाप.